प्रेमकथा लिहून पोट भरतं का? कोऱ्या फाइलपासून रॉयल्टीपर्यंत

माझी आजवर सहा पुस्तकं आलीत, सगळी रोमान्स. पहिली तीन एकाच मालिकेतली आहेत आणि त्या मालिकेचं पहिलं पुस्तक आज माझ्या ताब्यात नाही. का नाही ते पायरी ७ मध्ये सांगते. घाई असेल तर थेट तिकडे उडी मारा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण करारावर सही करायच्या आधी ती पायरी वाचाच.

सुरुवात केली तेव्हा मला वाटायचं एक झकास कादंबरी लिहायची, ती गाजणार, मग नोकरी सोडायची. तसं होत नाही. म्हणजे कुणाचं होतही असेल, पण त्याच्या भरवशावर बसू नका. या धंद्यात पैसा हळूहळू येतो, तिसऱ्या-चौथ्या पुस्तकापासून, आणि तोही जुनी पुस्तकं तुमच्या हातात असतील तरच. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्यात.

## पायरी १: तुम्ही रोमान्सच लिहिताय ना, ते बघा

हसू नका, निम्मे लोक इथेच चुकतात. कथेत प्रेम आहे म्हणजे ती रोमान्स झाली असं नाही. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका नावाची लेखकांची संघटना १९८० साली सुरू झाली, तिने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला तो भाग वेगळा, पण तिची व्याख्या अजून सगळीकडे चालते. दोनच अटी आहेत. कथेचा कणा प्रेमकहाणी हवी, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशा ठेवणारा हवा. म्हणजे दोघं एकत्र येतात, जन्मभरासाठी किंवा निदान 'आत्ता तरी सुखात आहेत' इथपर्यंत.

शेवटी नायक मरतो, किंवा ती त्याला सोडून स्वतःच्या वाटेने निघते, तर ती उत्तम कादंबरी असू शकेल, पण रोमान्स म्हणून विकू नका. वाचक दिवसभराचा शीण घेऊन तुमच्याकडे आलेला असतो आणि शेवट गोड असणार या भरवशावर त्याने पुस्तक उचललेलं असतं. तो भरवसा मोडलात तर एक स्टार देऊन मोकळा होतो आणि तुमचं नाव लक्षात ठेवतो, नको त्या कारणासाठी.

तपासायची सोपी रीत: तुमच्या कथेतून प्रेमाचा धागा काढून टाका. उरलेली गोष्ट, खुनाचा तपास, घराण्याची भांडणं, काय असेल ते, तशीच चालत राहिली तर तुमची रोमान्स नाही. सगळा डोलाराच कोसळला तर आहे.

## पायरी २: वाचा, पण दुकानदाराच्या नजरेने

तुम्हाला जे लिहायचंय त्याच उपप्रकारातली, गेल्या दोन-तीन वर्षांत आलेली किमान वीस पुस्तकं वाचा. आजच्या काळातली, ऐतिहासिक, रहस्याची फोडणी असलेली, भुताखेतांची, जादूच्या दुनियेतली, प्रत्येकाचा वाचक वेगळा असतो आणि तो दुसऱ्या गल्लीत सहसा फिरकत नाही. लहानपणी वाचलेल्या पुस्तकांवर विसंबू नका, तेव्हाचा मनगट धरून ओढणारा नायक आज बऱ्याच वाचकांना सहन होत नाही.

वाचताना वही जवळ ठेवा आणि प्रत्येक पुस्तकासाठी एवढंच टिपा: दोघं पहिल्यांदा कितव्या पानावर भेटतात, एकत्र येण्यात खरा अडथळा काय आहे, पहिला स्पर्श कधी, ताटातूट कधी, आणि ट्रोप कोणता. ट्रोप म्हणजे वाचकाला ओळखीचा असलेला साचा. शत्रूंचं प्रेमात पडणं, खोटं खोटं जोडपं, तुटलेलं नातं पुन्हा जुळणं, सोयीचं लग्न, तुसडा आणि हसरी, एका खोलीत अडकलेले दोघं. नवीन लेखकांना ट्रोपची लाज वाटते, मलाही वाटायची, 'माझं काहीतरी वेगळं आहे' म्हणून मी तो लपवायचे. उलट करा. ट्रोप ही दुकानाची पाटी आहे, पाटी नसेल तर आत कोण येणार. वेगळेपण आतल्या माणसांत दाखवा.

लांबीही इथेच ठरते. मिल्स अँड बून १९०८ मध्ये लंडनला सुरू झालं तेव्हा ते सगळ्याच प्रकारची पुस्तकं काढायचे, रोमान्सवर भर नंतर आला. कॅनडातली हार्लेक्विन १९४९ ची, तिने १९७१ मध्ये मिल्स अँड बून विकत घेतलं, आणि २०१४ पासून हे सगळं हार्परकॉलिन्सकडे आहे. हा इतिहास परीक्षेला येणार नाहीये, सांगायचं कारण असं की एकाच साच्यातल्या पुस्तकांच्या ठरलेल्या मालिका, म्हणजे लाइन, आणि त्यात दर महिन्याला ठरावीक नवी पुस्तकं, ही पद्धत या लोकांनी बसवली. अशा लाइनसाठी लिहायचं तर बऱ्याच ठिकाणी ५०,००० शब्दांच्या आसपास हवं असतं, प्रत्येक लाइनचे नियम त्यांच्या वेबसाइटवर असतात. स्वतंत्र कादंबरी साधारण ८०,००० ते १,००,००० शब्दांपर्यंत जाते. १,८०,००० शब्दांची पहिली कादंबरी पाठवू नका. मी पाठवली होती. उत्तरसुद्धा आलं नाही.

## पायरी ३: पहिला खर्डा संपवा

आधी गणित. रोज ५०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला २,५००, म्हणजे ५०,००० शब्द वीस आठवड्यांत. नोकरी, घर, मुलं सांभाळून हे जमतं. रोज ३,००० लिहीन अशी प्रतिज्ञा केली की चौथ्या दिवशी ती मोडते आणि मग महिनाभर फाइल उघडावीशी वाटत नाही. टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून लिहा, फोनमध्ये सोय असते. इंग्रज रोमान्स लेखिका बार्बरा कार्टलंड यांच्या नावावर ७०० हून जास्त पुस्तकं आहेत आणि त्या सोफ्यावर आडव्या पडून सेक्रेटरीला सांगायच्या, त्यामुळे 'खरा लेखक टेबलापाशी बसूनच लिहितो' वगैरे कुणी म्हटलं तर दुर्लक्ष करा.

आता मुख्य गोष्ट. या दोघांना एकत्र यायला आज काय अडतंय? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर 'गैरसमज' असता कामा नये. मी याला फोनची परीक्षा म्हणते. दोघांनी एकमेकांना एक फोन केला आणि पाच मिनिटं खरं बोलले तर कादंबरी संपते का? संपत असेल तर तुमच्याकडे अडथळाच नाहीये. माझ्या पहिल्या पुस्तकात नायिका त्याला एका मुलीबरोबर बघते, ती त्याची बहीण निघते, आणि या भांडवलावर मी १४० पानं रेटली होती. जिने पहिल्यांदा वाचलं तिने पान ९० वर समासात लिहिलं, 'ही त्याला विचारत का नाहीये??' दोन प्रश्नचिन्हं होती, अजून डोळ्यासमोर आहेत.

खरा अडथळा माणसाच्या आत असतो. तिने एकदा कुणावर तरी सगळं टाकून बघितलंय आणि तोंडावर आपटलीये, म्हणून आता ती कुणाची मदतच घेत नाही. तो मदत करूनच प्रेम दाखवतो, दुसरी भाषाच त्याला येत नाही. हे दोघं समोरासमोर बसून तासभर बोलले तरी प्रश्न सुटत नाही, कारण तो जितकं करेल तितकी ती लांब जाईल. झाली तुमची कादंबरी.

प्रसंग कसा लिहायचा यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, मी माझ्याच खर्ड्यातलं एक उदाहरण देते. आधी असं होतं: 'त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या हृदयाची धडधड वाढली, अंगावर शहारा आला, हाच तो असं तिला वाटून गेलं.' हे वाक्य कुठल्याही कादंबरीत कुठल्याही दोघांना चिकटवता येईल. नंतर केलं ते असं: पाऊस आहे, छत्री एकच आहे, ती त्याची. ती म्हणते मी भिजले तरी चालेल. तो वाद घालत नाही, छत्री मिटतो आणि काखेत धरून तिच्या शेजारून चालायला लागतो. दहा पावलं गेल्यावर तीच वैतागून म्हणते, 'उघड ती.' यात धडधड कुठेच नाही, पण तो आता तिला ओळखायला लागलाय हे वाचकाला कळतं, आणि तिला ते कळलंय हेही कळतं. भावना नावाने सांगू नका, त्या दोघांनाच सुचेल अशी एखादी कृती शोधा.

शारीरिक जवळीक किती दाखवायची हे तुम्ही ठरवा, दार बंद करा नाहीतर उघडं ठेवा, दोन्हीला वाचक आहेत. फक्त पुस्तकभर एकच पातळी ठेवा आणि कव्हर आणि ब्लर्ब (पुस्तकाची छोटी ओळख, मागच्या पानावरची) त्याला साजेसं ठेवा. दोनशे पानं सोज्वळ आणि मग अचानक सगळे पडदे वर, असं केलंत तर दोन्हीकडचे वाचक चिडतात.

पाऊण कादंबरीनंतर जी मोठी ताटातूट येते, तीही त्याच आतल्या अडथळ्यातून यायला हवी. अपघात, स्मृती जाणं, परदेशची नोकरी असल्या बाहेरच्या संकटांनी तोडलंत तर जोडतानाही बाहेरूनच जोडावं लागतं आणि ते फुसकं होतं.

एक किरकोळ पण डोकं वाचवणारी सवय: वेगळी फाइल करा आणि त्यात प्रत्येक पात्राचं वय, डोळ्यांचा रंग, भावंडं, गाडी, कुठल्या वारी काय झालं ते लिहीत जा. माझ्या दुसऱ्या पुस्तकात नायकाची आई तीन प्रकरणांपूर्वी वारलेली असताना फोन करते. मालिका लिहायची असेल तर ही फाइल सोन्याची.

## पायरी ४: दुरुस्ती, आणि दुसऱ्याचे डोळे

खर्डा संपला की महिनाभर बघू नका. मग तीन फेऱ्या करा, आणि त्या एकमेकींत मिसळू नका. पहिल्या फेरीत फक्त कथा, प्रसंगांचा क्रम, अडथळा, शेवट. दुसरीत वाक्यं, संवाद मोठ्याने वाचून, जीभ अडखळली तिथे दुरुस्ती. तिसरीत शुद्धलेखन आणि प्रूफ. ज्या प्रसंगाला पुढे कात्री लागणार आहे त्यातली वेलांटी दुरुस्त करत बसण्यात काय अर्थ आहे.

वाचायला तीन-चार जणांना द्या, रोमान्स वाचणाऱ्यांनाच. नवऱ्याला, आईला, कॉलेजच्या मैत्रिणीला देऊन 'छान लिहिलंयस गं' मिळेल, त्याचा उपयोग शून्य. त्यांना 'कसं वाटलं' विचारू नका, 'कुठे कंटाळा आला, कुठे खाली ठेवलंस' असं विचारा. ब्रिटनमध्ये रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन आहे, १९६० पासून, त्यांची नवोदितांसाठी योजना आहे ज्यात पुस्तक न आलेल्या सदस्याला छापून आलेल्या लेखकाकडून हस्तलिखितावर लेखी अभिप्राय मिळतो. जागा मर्यादित असतात. तुमच्या भाषेत, तुमच्या जवळ असं काही आहे का ते शोधा, नसेल तर चौघांचा गट तुम्हीच करा.

पैसे देऊन एडिटर घेणार असाल तर आधी दहा पानांचा नमुना करून मागा. आणि कसलं एडिटिंग ते स्पष्ट लिहून घ्या, कथेचं की भाषेचं की नुसतं प्रूफ. तीन वेगळी कामं, तीन वेगळे दर.

सापळा: प्रकरणाच्या सुरुवातीला गाण्याच्या ओळी टाकायचा मोह रोमान्सवाल्यांना फार होतो. गाणं कॉपीराइटमध्ये असेल तर दोन ओळींनाही परवानगी लागू शकते आणि ती महाग पडते. गाण्याचं नाव घ्या, ओळी नको.

## पायरी ५: टोपणनाव

घ्या किंवा नका घेऊ, पण पहिल्या पुस्तकाआधीच ठरवा, नंतर बदललंत तर वाचक शून्यापासून. ते नाव आधी शोधून बघा, कुणा चालू लेखकाचं असेल तर सोडा. पुस्तकावर टोपणनाव चालतं, करारात, बँकेत आणि कराच्या कागदांवर खरंच नाव लागतं. एवढंच.

## पायरी ६: रस्ता निवडा

दोन रस्ते आहेत, प्रकाशक किंवा स्वतः. दोन्ही करणारेही खूप आहेत, मी त्यातलीच.

प्रकाशकाकडे (किंवा जिथे एजंटशिवाय, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणाऱ्या माणसाशिवाय, दार उघडत नाही तिथे आधी एजंटकडे) जायचं तर हे तयार ठेवा:

- पूर्ण झालेली कादंबरी. पहिल्या पुस्तकाला अर्धवट चालत नाही
- एक पानाचं पत्र: कथा दोन परिच्छेदांत, उपप्रकार, शब्दसंख्या, तुमच्याबद्दल दोन ओळी
- एक-दोन पानी सारांश, शेवटासकट. एडिटरपासून शेवट लपवायचा नसतो, 'पुढे काय होतं ते वाचूनच बघा' लिहिलंत तर हसतात
- पहिली तीन प्रकरणं, साधा फॉन्ट, १२ पॉइंट, दुप्पट ओळ-अंतर, पानांना नंबर
- कुणाला, कधी, काय पाठवलं त्याचा तक्ता

प्रत्येकाचे पाठवायचे नियम वेगळे, ते शब्दशः पाळा. उत्तराला महिने लागतात. तेवढ्यात पुढचं पुस्तक सुरू करा, इनबॉक्स रिफ्रेश करून काही होत नाही, मी करून बघितलंय.

एजंटचं कमिशन साधारण १५ टक्के, परदेशी विक्रीवर बऱ्याचदा २०, आणि ते तुम्हाला पैसे आल्यावर त्यातून कापलं जातं. 'वाचनाची फी' आधी मागणारा एजंट दिसला की पळा. तीच गोष्ट प्रकाशकाची. छपाईत तुमचाही वाटा, अमुक प्रती तुम्ही विकत घ्यायच्या, मार्केटिंग पॅकेज, ही सगळी एकाच गोष्टीची नावं आहेत: गिऱ्हाईक वाचक नसून तुम्ही आहात. स्वतः छापायचं असेल तर खुशाल छापा, पण मग हक्क आणि नफा दोन्ही तुमचे हवेत.

## पायरी ७: करार. इथे हळू वाचा

कॉपीराइट तुम्ही लिहिताक्षणी तुमचा होतो. १८८६ चा बर्न करार मानणाऱ्या देशांत त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, आणि किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, अनेक देशांत त्याहून जास्त. म्हणजे तुम्ही जे विकताय ते तुमच्या पश्चातही चालणारं आहे. कागदावर सही करताना हे डोक्यात ठेवा.

आता माझं. पहिल्या पुस्तकासाठी एका छोट्या प्रकाशकाचा होकार आला, नाव घेत नाही. मी इतकी हरखले होते की अकरा पानांचा करार फोनवर वाचला, म्हणजे वाचल्यासारखं केलं, आणि त्याच संध्याकाळी सही करून पाठवला. त्यात होतं: सर्व भाषांतले, सर्व स्वरूपांतले हक्क, १० वर्षांसाठी. पुस्तक वर्षभर बरं चाललं, मग त्यांनी लक्ष काढून घेतलं. छापील प्रत संपली ती संपलीच, ई-बुक आहे पण किंमत चढी आणि कव्हर जुनाट. दरम्यान त्याच मालिकेची पुढची दोन पुस्तकं मी स्वतः काढली. मालिका विकायची जगभरातली रीत अशी की पहिलं पुस्तक स्वस्त किंवा फुकट करायचं, म्हणजे वाचक आत येतो आणि पुढची पुरी किंमत देऊन घेतो. माझ्या घराचा दरवाजाच दुसऱ्याच्या ताब्यात. ऑडिओ काढू का म्हणून एकांनी विचारलं, तर ऑडिओचे हक्कही तिकडेच, आणि त्यांना ते काढायचंही नाही. फसवणूक कुणी केली नाही, सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही.

तर ही कलमं शोधा:

कुठले हक्क. छापील, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, चित्रपट-मालिका हे वेगवेगळे विकता येतात. जे प्रकाशक प्रत्यक्षात काढतो तेवढेच द्या. निदान 'दोन वर्षांत ऑडिओ काढला नाही तर तो हक्क परत' असं लिहून मागा.

हक्क कधी परत येणार. पूर्वी 'छापील प्रत संपली की' असायचं, पण ई-बुक कधी संपतच नाही, त्यामुळे त्या ओळीला काही अर्थ उरला नाही. आकडा हवा: सलग बारा महिन्यांत इतक्या प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर लेखक हक्क परत मागू शकतो. माझ्या करारात हे नव्हतं.

पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क. द्यायचाच असेल तर एकाच पुस्तकापुरता, त्याच मालिकेतल्या, आणि त्यांनी किती दिवसांत उत्तर द्यायचं त्याची मुदत टाका.

स्पर्धा न करण्याचं कलम. 'लेखकाने या पुस्तकाशी स्पर्धा करणारं लेखन करू नये.' अहो, रोमान्स लेखिकेचं पुढचं प्रत्येक पुस्तक स्पर्धाच करतं! काढायला लावा, नाहीतर फक्त याच पात्रांपुरतं मर्यादित करून घ्या.

रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला लेखकाचा वाटा, कशावर. छापील किमतीवर की प्रकाशकाला मिळालेल्या रकमेवर? १० टक्के दोन्हीकडे लिहिलेलं असतं, हातात येणारा पैसा निम्म्याने वेगळा असू शकतो. इंग्रजी बाजारात पेपरबॅकला साधारण ६ ते ८ टक्के छापील किमतीवर आणि ई-बुकला मिळालेल्या रकमेच्या २५ टक्के असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

अ‍ॅडव्हान्सबद्दल एक गैरसमज काढून टाका, तो बोनस नाही, पुढच्या रॉयल्टीतून वळता होणारा आगाऊ पैसा आहे. समजा पुस्तकाची किंमत १० आणि रॉयल्टी ८ टक्के, म्हणजे एका प्रतीमागे ०.८. अ‍ॅडव्हान्स ४,००० घेतला असेल तर ५,००० प्रती खपेपर्यंत पुढचा एक पैसाही येत नाही. वर दुकानातून प्रती परत येतील म्हणून प्रकाशक काही रक्कम राखून ठेवतो. अ‍ॅडव्हान्सही एकरकमी नसतो, सहीला काही, हस्तलिखित मंजूर झाल्यावर काही, बाजारात आल्यावर काही. हिशोब बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांनी.

वकिलाला दाखवणं परवडत असेल तर दाखवा, पुस्तकांचे करार बघणारा असेल तर. लेखक संघटना बऱ्याचदा सदस्यांचे करार तपासून देतात, त्या वर्गणीत तेवढं एक काम झालं तरी वसूल.

## पायरी ८: स्वतः काढणार असाल तर

अ‍ॅमेझॉनची केडीपी, म्हणजे आपलं पुस्तक आपणच काढून विकायची सोय, २००७ पासून आहे आणि रोमान्सवाल्यांनी ती सर्वांत आधी उचलली. आकडे एवढे लक्षात ठेवा. ई-बुकची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलर असेल तर ७० टक्के रॉयल्टी घेता येते, त्याच्या खाली किंवा वर ३५. सत्तरच्या पर्यायात फाइलच्या आकारानुसार पोचवण्याचा खर्चही कापतात, म्हणून आत चित्रं भरू नका. काही देशांतल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर सिलेक्ट नावाच्या योजनेत असावं लागतं. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी.

सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-बुक फक्त त्यांच्याकडेच. बदल्यात तुमचं पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून हवं तेवढं वाचायच्या योजनेत, जातं आणि वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. भरपूर वाचणारे रोमान्सचे वाचक तिथे खूप आहेत, त्यामुळे नवीन लेखकाला फायदा होऊ शकतो. पण 'फक्त त्यांच्याकडे' म्हणजे खरंच फक्त. आधी कुठल्या अ‍ॅपवर प्रकरणं टाकली असतील तर ती काढा, नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंतच चालतं. छापील प्रत मात्र कुठेही विकता येते. आणि मुदत आपोआप पुढे सरकते, नको असेल तर टिक काढावी लागते. सिलेक्ट नको असेल तर ड्राफ्टटूडिजिटलसारख्या ठिकाणाहून एका फाइलवर अनेक दुकानांत जाता येतं, त्याच धर्तीचं स्मॅशवर्ड्स २०२२ मध्ये त्यातच विलीन झालं.

लागणाऱ्या गोष्टी:

- अंतिम फाइल, वर्ड चालतं. मांडणीसाठी किंडल क्रिएट फुकट आहे, वेलम सुंदर पण फक्त मॅकवर
- कव्हर, २५६० बाय १६०० पिक्सेल, उंची जास्त
- ब्लर्ब, १५० ते २०० शब्द
- बँक खातं, ओळखपत्र, तुमच्या देशाचा कर क्रमांक
- अमेरिकेबाहेरच्यांना ऑनलाइन कर-मुलाखत, म्हणजे डब्ल्यू-८बेन नावाचा अमेरिकी कराचा फॉर्म. तुमच्या देशाचा अमेरिकेशी कराबाबतचा करार असेल आणि तुम्ही कर क्रमांक भरला नाहीत तर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापले जातात
- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक: ई-बुकला केडीपीवर लागत नाही. छापीलला ते फुकट देतात पण तो फक्त तिथेच चालतो, दुसरीकडेही विकायचं तर स्वतःचा घ्या
- मजकुरात किंवा चित्रात एआयने बनवलेलं काही असेल तर अपलोड करताना तसं सांगावं लागतं

पैसा थोडाच असेल तर कव्हरवर घाला. अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा, तेवढ्यात उपप्रकार कळला पाहिजे. माझ्या दुसऱ्या पुस्तकाचं कव्हर मला फार आवडायचं, धुकं, रिकामा बाक, पडलेलं पान. लोकांना ती वृद्धापकाळावरची कादंबरी वाटली. कव्हर बदललं, आत अक्षरही नाही बदललं, आणि विक्री हलली.

## पायरी ९: पहिलं पुस्तक आलं, आता?

पहिला आठवडा आकडे बघण्यात जातो, तो जाऊ द्या. मग ही कामं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, 'समाप्त'च्या लगेच खाली, ईमेल यादीची लिंक द्या. सोशल मीडियावरचे फॉलोअर भाड्याच्या घरात असतात, घरमालकाने नियम बदलले की गेले. ईमेल यादी तुमची. महिन्याला एक पत्र पुरे, बदल्यात जोडप्याचा एखादा जास्तीचा प्रसंग द्या, वाचकांना तो पुस्तकाहून जास्त आवडतो असा माझा अनुभव आहे (थोडा अपमानच).

रिव्ह्यूला उत्तर देऊ नका. चांगल्यालाही नाही, वाईटाला तर नाहीच. मित्रमंडळींकडून रिव्ह्यू लिहून घेऊ नका, काढून टाकतात आणि खात्यावर बालंट येऊ शकतं.

मालिका लिहा. रोमान्समध्ये एका जोडप्याची गोष्ट एका पुस्तकात संपते, म्हणून मालिका दुय्यम पात्रांवर चालते, पहिल्यात नायकाचा मित्र, दुसऱ्यात तो नायक. तेव्हा पहिलं लिहितानाच दोन माणसं अशी पेरून ठेवा की वाचक विचारेल, याचं पुढे काय. दोन पुस्तकांत तीन वर्षांचं अंतर पडू देऊ नका, जमेल तो वेग धरा पण तो पाळा. प्री-ऑर्डर लावणार असाल तर पुस्तक पूर्ण झाल्यावरच लावा, अंतिम फाइल प्रकाशनाच्या ७२ तास आधी द्यावी लागते आणि ते ७२ तास कुणासाठी थांबत नाहीत.

नोकरी कधी सोडायची? माझा नियम: बारा महिने सलग पुस्तकांतून घरखर्च निघाला आणि वर सहा महिन्यांची शिल्लक असली तर. मी अजून अर्धवेळ काम करते, सहा पुस्तकांनंतर. काही महिने मस्त जातात, काही महिने आकडा बघून हसू येतं. रॉयल्टी आली की कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका, वर्षअखेरीस रडायला नको.

आणि एक फोल्डर करा, आजच: सह्या झालेले सगळे करार, प्रत्येक पुस्तकाचे कुठले हक्क कुणाकडे, कुठल्या तारखेपर्यंत, कव्हरच्या आणि फॉन्टच्या परवान्यांच्या पावत्या, अंतिम फाइली. माझ्या त्या तक्त्यात पहिल्या ओळीत पहिल्या पुस्तकाची तारीख लाल रंगात आहे. १० पैकी ७ वर्षं झालीत. नवं कव्हर करून ठेवलंय, बहिणीचा गैरसमज काढून मधली साठ पानं नव्याने लिहिलीयेत, तीन वर्षं थांबायचंय.